वजा एक दिवस

ऐगिर-बुलाक गावात कुठलीही नवी वस्तू आली की ती आणणाऱ्याला आधी चहा पाजतात, आणि मग वस्तूबद्दल काय वाटतं ते सांगतात. या खेपेला मोबाइल आले होते, एका खोक्यात चाळीस. त्यांच्याबरोबर राजधानी बिश्केकहून, ते बनवणाऱ्या कंपनीचा, एर्मेक नावाचा, पातळ तळव्याचे बूट घातलेला तरुण आला होता. शुक्रवारी दुपारपासून त्याच्या पोटात अकरा वाडगे चहा गेला होता आणि बारावा समोर होता.

खोकं उचलून आणणारी बुरुलचा मात्र गावचीच. छत्तीस वर्षांची, नारिन शहरात राहणारी, वाचनालयाची, दवाखान्याची, पाहुणे उतरवणाऱ्या घरांची वेबपानं बनवून पोट भरणारी. जीभ तिखट. बापापुढे तेवढी ती जीभ दातांच्या मागे जाऊन बसायची.

"यातलं घड्याळसुद्धा वेबपान?" जोमार्तनं विचारलं. जोमार्त म्हणजे गावातला सगळ्यात मोठ्या कळपाचा धनगर, आणि दुसऱ्याच्या घरी बसून प्रश्न विचारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"पानच, बाइके," एर्मेक म्हणाला, थोरल्या भावाला म्हणावं तसं.

"आणि फोन करायचं ते?"

"पानच."

"ही बटणं?"

"तीही."

"म्हणजे कात्तामा रोटी झाली की रे ही. पापुद्रा काढला की खाली पापुद्रा. मग सारण कुठाय?"

"कात्तामात सारण नसतंच, बाइके," बुरुलचा म्हणाली. "ज्या ब्राउझरमधून आपण पानं उघडतो ना, तोच यात घरमालक होऊन बसलाय. दुसरं सामान घरात नाहीच, म्हणून स्वस्त. आणि म्हणूनच मला यात हात घालता आला. दुसऱ्या फोनसाठी काही करायचं तर सगळं नव्यानं शिकावं लागलं असतं. पान काय, मी झोपेतही लिहीन."

"झोपेत लिहिलंस तर आम्ही कोंबडं आरवल्यावर वाचू," जोमार्त म्हणाला आणि त्यानं तळलेल्या कणकेचा बोर्सोक काइमाकमध्ये, घट्ट सायीत, बुडवला.

या मोबाइलच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव होतं चियिर, म्हणजे मेंढरांच्या पायांनी पडलेली वाट. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, गावच्या क्लबात ती पहिल्यांदा लोकांसमोर येणार होती. कंपनीनं शहरं सोडून या गावाची निवड केली त्याला कारण बुरुलचाचं पंचांग होतं, आणि त्या पंचांगाला कारण तिचा बाप.

सातिबाल्दी म्हातारा एसेपची होता. आभाळाचा हिशेब ठेवणारा. चंद्र आणि कृत्तिकांचा पुंजका, ज्याला इकडे उर्कोर म्हणतात, यांची महिन्यातून एकदा गाठ पडते. हिवाळ्यात ती नवव्या दिवसाच्या चंद्राशी पडते, मग सातव्याशी, मग पाचव्याशी. तिसऱ्या दिवसाची कोर उर्कोरला भेटली की समजायचं, थंडीचा शेवटचा तडाखा येणार. तो येऊन जाऊ द्यायचा, मध्ये एक दिवस सोडायचा आणि मेंढरं वरच्या कुरणाकडे काढायची. हे सांगणारा गावात एकच माणूस. त्याच्या आधी त्याचा बाप सांगायचा. इतरांना काय डोळे नव्हते? होते. पण एसेपची जिवंत असताना दुसऱ्यानं गाठ सांगणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढून घेणं. म्हणून लोक संध्याकाळी मान वर करत, तोंड उघडत नसत.

बुरुलचानं हे सगळं एका पानात बसवलं होतं. चंद्राची चाल पुस्तकांतून घेतली, उर्कोरची जागा मांडली, आणि नेटवर्क नसलेल्या कुरणातही चालेल असं ते पान मोबाइलच्या पोटात ठेवून दिलं. बापाकडे कागद नव्हता, सगळं डोक्यात. म्हणून या हिवाळ्यात दर गाठीला ती त्याला फोन करायची.

"अताके, पडली गाठ?"

"काल पडली, किझिम."

तिचं पान म्हणायचं, आज. नवाच्या गाठीला असं झालं, साताच्या गाठीला झालं, पाचाच्याही झालं. दर वेळी बरोबर एक दिवस. बुरुलचानं पान उलटंपालटं करून पाहिलं, दोन महिने डोळ्यांत तेल घालून चूक शोधली, सापडली नाही. नारिन दोन डोंगरांच्या चिमट्यात आहे, आभाळ म्हणजे वर एक चिंधी. तरी सार्वजनिक बागेपर्यंत चालत जाऊन तिला वर बघता आलं असतं. पण बापानं सांगितलेल्या गाठीची खात्री करायला डोकं वर काढावं हे तिला सुचलंच नाही. कुठल्याच लेकीला सुचलं नसतं. शेवटी तिनं सरळ हिशेबातून एक दिवस वजा करून टाकला. त्या ओळीशेजारी, यंत्र वाचत नाही अशी एक टीप लिहून ठेवली: चूक माझी आहे, सापडत नाही, अताके म्हणतात तेच धरणे.

तिला एकच गोष्ट हवी होती. कंपनीची शाबासकी मिळाली तर बरंच होतं, पण नसती मिळाली तरी चाललं असतं. तिला बापाचे हात उघडलेले हवे होते. कुठल्याही कामाला आधी थोरल्यांनी तळवे उघडून आशीर्वाद द्यायचा, आणि मग सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवायचे, ही इथली रीत. ती शहरात गेली तेव्हा त्यानं हात उघडले नव्हते. लग्न मोडून परत आली तेव्हा काही बोलला नव्हता, पण हात मांडीवरच होते. पंचांगाबद्दल म्हणाला होता, "आधी पुरं कर. अर्ध्या घराला कुणी आशीर्वाद देत नाही." आता ते पुरं झालं होतं. उद्या क्लबात, सगळ्यांसमोर, तो हात उघडणार होता.

"अक्साकल, आज गाठ पडेल?" जोमार्तनं दाराशी बसलेल्या सातिबाल्दीला, गावच्या थोरल्याला मारायची ती मानाची हाक मारून, मोठ्यानं विचारलं.

"सूर्य बुडू दे. सांगतो," म्हातारा म्हणाला.

सून कुमुशाय, म्हणजे बुरुलचाच्या थोरल्या भावाची बायको, त्याला चहा द्यायला आली. वाडगा तिनं त्याच्या पुढ्यात ठेवला नाही, त्याचा हात धरून हातात दिला आणि बोटं मिटेपर्यंत सोडला नाही. किती मान राखते ही, असं बुरुलचाला वाटलं, आणि आपण कधी असा चहा दिला नाही याची थोडी लाजही वाटली.

*

दिवस बुडाल्यावर बाप-लेक अंगणाच्या मागे, जुन्या गोठ्याच्या भिंतीपाशी उभे राहिले. पश्चिमेचं आभाळ धुतल्यासारखं होतं. खाली डोंगराच्या खांद्यावर चंद्राची बारीक कोर आली होती. तिच्या वर, हात लांब करून मूठ धरली तर मध्ये मावेल एवढं अंतर सोडून, उर्कोरचा पुंजका. बुरुलचानं कितीतरी वर्षांनी त्याच्याकडे इतकं निवांत पाहिलं. सहा तारे मोजले.

"पडली," सातिबाल्दी म्हणाला.

तिला वाटलं, तो थट्टा करतोय.

"कुठे, अताके?"

"ती काय समोर. कोरेच्या पोटात. दिसत नाही?" त्यानं हनुवटीनं चंद्राकडे खूण केली. "उर्कोर बाहेर दिसत नाही म्हणजे आतच असणार. चंद्र उजेड सांडतो ना फार. पूर्वी इतका सांडत नसे."

बुरुलचानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. त्या वेळी पश्चिमेचा उरलासुरला उजेड त्याच्या चेहऱ्यावर होता. दोन्ही बुबुळांवर ताकाच्या निवळीसारखं काहीतरी साचलं होतं. हा चेहरा तिनं दर ईदेला पाहिला होता, पण खालमानेनं पाहिला होता. नवाची, साताची, पाचाची. चूक पानात नव्हतीच.

आणि मग त्याहून वाईट गोष्ट तिच्या ध्यानात आली. उद्या गावासमोर चियिरचा पडदा उघडेल आणि त्यावर येईल, गाठ काल पडली. लोक म्हणतील, बघा, म्हातारा म्हणाला तेच यंत्रही म्हणतंय, दोन साक्षी झाल्या. दोन कसल्या? एकच साक्ष, दोन तोंडांनी. मेंढ्यांना आठ-आठ दिवसांची कोकरं होती. रविवारी लोक खिंडीत चढले आणि तडाखा वर असताना आला तर?

"सांग जा सगळ्यांना," सातिबाल्दी म्हणाला. "उद्या राहा, रविवारी पहाटे निघा."

ती गेली आणि तिनं सांगितलं. काय करणार? ओट्यावर पाच-सहा जण वाटच बघत होते. त्यांनी माना डोलावल्या.

"रविवारी," जोमार्त म्हणाला. "बरं झालं. फक्त माझ्या खोगिराचा पट्टा तुटलाय, बुरुल. शिवायला एक दिवस जाईल. मी सोमवारी बघतो."

"माझे नमदे ओले आहेत," कुमुशाय म्हणाली. "ओल्या नमद्यांचा तंबू कोण बांधणार? सोमवारीच बरं."

तिसऱ्याची मेहुणी येणार होती. चौथ्याचा कुत्रा आजारी होता. बुरुलचाला त्यांचा रागच आला. पूर्वी एसेपचीनं सांगितलं की गाव रात्रीतून आवराआवर करायचं. आता याचा पट्टा, तिचे नमदे. गाव आळशी झालंय, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. तो आळस या खेपेपुरता आपल्या पथ्यावर पडतोय हे कळत असूनही तिला बापासाठी वाईट वाटलं.

*

सकाळी तिनं लॅपटॉप चुलीशेजारी उघडला. ती ओळ काढायला एक क्षण पुरला. वजा एक गेलं. शेजारची टीप पुसताना मात्र बोट थांबलं. अताके म्हणतात तेच धरणे. तिनं ती वाचली, पुन्हा वाचली, आणि पुसली. पानानं लगेच सांगितलं: गाठ आज संध्याकाळी.

एर्मेक पायमोजे वाळवत बसला होता. त्यानं तिच्या खांद्यावरून पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"एजे, काय करताय? काल पक्कं झालं होतं ना सगळं? तीन तासांवर कार्यक्रम आलाय!"

"पान आहे, इनिम. दगडावरचा लेख नाही."

"पण चूक झाली तर?"

"चूक होती, ती काढली."

"आणि तुमचे वडील काल वेगळं म्हणाले त्याचं काय? गावासमोर फोन एक म्हणणार, अक्साकल दुसरं म्हणणार. लोक कुणाचं ऐकतील?"

हाच तर प्रश्न होता, आणि पोरानं तो चहाच्या घोटाबरोबर विचारला. फोन खरा ठरला तर बापाची पन्नास वर्षांची अब्रू त्या क्लबात, त्या लाकडी बाकांसमोर उतरणार. बाप खरा ठरला तर लोक आळस सोडून मेंढरं उद्याच खिंडीत नेणार. आणि तिच्यासाठी उघडायचे ते हात? ते तर आता कुठल्याच वाटेनं उघडत नव्हते. आपल्या हातानं आपण बापासाठी खड्डा खणला, असं तिला वाटलं, आणि तिला रडू आलं. ते तिनं चुलीच्या धुरावर ढकललं.

सांगावं का त्याला? तोंडावर? अताके, तुम्हाला दिसत नाही? हे वाक्य तिच्या तोंडातून निघणं शक्य नव्हतं. मग तिनं दुसरं काहीतरी केलं. पानात चंद्र आणि उर्कोर काढलेले होते, आभाळात दिसतात तसे, बारीक, नाजूक. एर्मेकच्या साहेबांना ते फार सुंदर वाटले होते. ताऱ्याच्या मापाच्या जागी तीन लिहिलं होतं. बुरुलचानं तिथं चाळीस लिहिलं. पार्श्वभूमी काळी कुळकुळीत केली, तारे पिवळेधमक. केबल जोडली, पान मोबाइलमध्ये सोडलं, आणि मोबाइल घेऊन ती गोठ्याच्या भिंतीपाशी गेली. बाप तिथं उन्हाला पाठ देऊन बसला होता.

"अताके, एकदा बघून घ्या. लोकांपुढे नेण्याआधी."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"आभाळ आहे. तुम्हाला नाही कळणार तर कुणाला?"

त्यानं मोबाइल घेतला. उन्हाकडे पाठ होती, तरी तिनं आपला शाल धरलेला हात वर आडवा केला, सावली पडेल असा. त्यानं मोबाइल नाकाजवळ नेला. मग आणखी जवळ. बुरुलचाचा हात भरून आला.

"एक," सातिबाल्दी हळूच म्हणाला. "दोन. तीन... हा धाकटा. तो जरा बाजूलाच असतो, फटकून. आहे. सहा." त्यानं बोटानं पुन्हा मोजले. "सहाही आहेत."

"आहेत, अताके."

"कुठं गेले होते इतके दिवस?"

त्याचं बोट पडद्यावर ताऱ्यांच्या खाली, कोरेकडे सरकलं. तारे आणि कोर यांच्या मधल्या काळ्या जागेवर ते थांबलं.

"हे आजचं?"

"कालचं. कालची संध्याकाळ. आजचं पुढं आहे." तिनं पान एक दिवस पुढं सरकवलं. कोर ताऱ्यांना येऊन चिकटली.

म्हातारा पुन्हा मागं गेला. त्याला आता ते बोटानं जमायला लागलं होतं. काल, आज. काल, आज. मग त्यानं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला आणि कुंपणापलीकडे, त्याला जे काही दिसत असेल त्याकडे, बघत राहिला.

"काल तू बघितलंस ते," तो म्हणाला.

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही बोलल्यावर मी काय बोलू, अताके?"

त्यावर त्यानं फक्त मान हलवली. "जा. चहा प्यायला घाल त्या पोराला," एवढंच म्हणाला. हात मांडीवरच होते.

*

क्लबात कंपनीनं लाल फीत आणली होती. कुमुशायनं ती पाहिली आणि गुंडाळून एर्मेकच्या हातात परत दिली.

"ही दुकानाला बांधायची. ज्यानं चालायला शिकायचं त्याच्या पायात काळा-पांढरा दोराच लागतो."

लेकरू पहिलं पाऊल टाकायला लागलं की त्याच्या पायांना काळा-पांढरा पीळ दिलेला लोकरीचा दोरा बांधतात आणि तो कापतात, मग ते न अडखळता चालतं. तोच दोरा कुमुशायनं चियिरच्या पहिल्या मोबाइलला बांधला, दोनदा गुंडाळून, गाठ मारून. भिंतीवर पांढरी चादर टांगून त्यावर मोबाइलचा पडदा मोठा करून दाखवायची सोय होती. एर्मेकनं चांगलं भाषण केलं. कमी जागेत कसं मावतं, नेटवर्क नसताना कसं चालतं, गावातल्या पोरीसुद्धा आपली पानं लिहून त्यात कशी घालू शकतील, हे सगळं त्यानं न अडखळता सांगितलं. लोकांनी मन लावून ऐकलं, कारण त्यानं खरोखर बारा वाडगे चहा प्यायला होता.

मग त्यानं पंचांग उघडलं. चादरीवर पिवळेधमक सहा तारे आले, खाली कोर, आणि त्याखाली अक्षरं: गाठ आज संध्याकाळी.

सगळ्यांनी अक्षरं वाचली आणि सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. बुरुलचा कोपऱ्यात उभी होती. तिला वाटलं, आता कुणीतरी हसावं, ओरडावं, काहीही करावं, पण ही शांतता नको.

सातिबाल्दी उठला. दोरा कापायला त्यालाच बोलावलं होतं. जोमार्तनं त्याच्या हातात सुरी दिली, मुठीकडून.

"कापायच्या आधी मला एक बोलायचंय," म्हातारा म्हणाला. "काल मी गाठ पडली असं सांगितलं. पडली नव्हती. आज पडणार आहे. लेकीचं पान खरं आहे, मी खोटा आहे."

"अताके," बुरुलचा पुढे झाली.

"थांब. इतके दिवस थांबलीस, आणखी जरा थांब." त्यानं चेहरा बाकांकडे वळवला. "मला उर्कोर दिसत नाही. दोन वर्षं झाली. आधी वाटलं धूर आहे. मग वाटलं चंद्रच उजेड फार सांडतो. मग कळलं, पण बोललो नाही. बाप एसेपची, आजा एसेपची, आणि मी आंधळा, हे कोणत्या तोंडानं सांगू? दोन वसंत तुम्हाला मी एक दिवस आधी बाहेर काढलं. तुमची कोकरं वाचली ती देवाची कृपा. माझी नाही. मला माफ करा."

त्याची मान खाली गेली. सुरी हातात तशीच.

जोमार्त उभा राहिला. त्यानं कल्पाक डोक्यावरून काढला, हातात फिरवला, परत डोक्यावर ठेवला.

"नाही काढलंत, अक्साकल."

"काय नाही काढलं?"

"आधी. आम्ही आधी निघालोच नाही. गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात मंगळवार. आम्ही बुधवारी निघालो."

"तुझी घोडी लंगडत होती गेल्या वर्षी. मला आठवतंय."

"घोडी ठणठणीत होती."

मागच्या बाकावर कुणाला तरी हसू फुटलं आणि त्यानं ते नाकातच दाबलं.

"आणि माझे नमदे कोरडे आहेत," कुमुशाय म्हणाली. सून सासऱ्यासमोर एवढं कधी बोलत नाही. तिनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं होतं, पण शब्द स्पष्ट ऐकू आले. "त्याच्या आदल्या वर्षीही कोरडेच होते."

सातिबाल्दी एकदा आवाजाच्या या बाजूला, एकदा त्या बाजूला वळला.

"सगळ्यांना ठाऊक होतं?"

"झाकली मूठ होती, अक्साकल. आम्ही कशाला उघडायची?"

"मग दर खेपेला मला विचारायला का येत होता, रे चोरांनो?"

"विचारल्याशिवाय कसं निघणार?" जोमार्तला तो प्रश्नच कळला नाही. "तुम्ही सांगता, मग आम्ही त्यात एक मिळवतो. तुम्ही सांगितलंच नाही तर मिळवायचं कशात?"

बुरुलचा भिंतीला टेकली. बाप चुकू नये म्हणून तिनं आभाळातून एक दिवस काढून घेतला होता. त्याच्याचसाठी या लोकांनी तोच एक दिवस गपचूप परत घातला होता, लंगडी घोडी आणि ओल्या नमद्यांच्या नावावर. आणि ती त्यांना आळशी म्हणत होती. तिला हसूही येत होतं आणि डोळेही वाहत होते. शेजारी उभ्या एर्मेकनं, काही न समजून, लाल फीत तिच्यापुढे धरली. तिनं तीच डोळ्यांना लावली.

सातिबाल्दीनं बोटांनी चाचपून दोऱ्याची गाठ शोधली. सुरीचं टोक अलगद आत घालून एकाच ओढीत कापलं. काळा-पांढरा दोरा टेबलावर पडला. सुरी त्यानं जोमार्तकडे दिली आणि मग, मांडीवर नव्हे, छातीसमोर, दोन्ही तळवे उघडले. क्लबातले सगळे तळवे उघडले गेले. एर्मेकचे थोडे उशिरा.

"याची वाट मोकळी राहो," म्हातारा म्हणाला. "वर कुरणात असलेल्याला यातून घरचा आवाज ऐकू येवो. आणि जिनं हे केलं, ती माझी लेक आहे, बुरुलचा, तिला जे दिसेल ते तिला बोलता येवो. बापापुढेसुद्धा. ओमिन."

"ओमिन," गाव म्हणालं आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. बुरुलचाचे हात चेहऱ्यावरच राहिले.

*

संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीपाशी अर्धं गाव जमलं. एरवी लोक आपापल्या अंगणातून बघत. आज ज्याला-त्याला काहीतरी निमित्त होतं, कुणी मीठ मागायला आलं होतं, कुणी एर्मेकला निरोप द्यायला. बुरुलचानं बापाच्या कानाशी लागून नारिनच्या डोळ्यांच्या डॉक्टरांबद्दल सांगितलं, मोतीबिंदू काढतात, अर्ध्या तासाचं काम. "मेंढरं खाली आल्यावर," तो म्हणाला. "शरदात येतो तुझ्याकडे. जागा आहे का?" तिच्या घरी तो आजवर एकदाही आला नव्हता. "आहे," ती म्हणाली.

दिवस बुडाला. वारा पडला होता आणि उत्तरेकडून ढगांची एक काळी कड वर सरकत होती. डोंगराच्या खांद्यावर कोर आली, कालच्यापेक्षा जराशी भरलेली, आणि तिच्या कुशीला लागून सहा तारे. तिथं उभ्या प्रत्येकाला ते दिसले. सगळे म्हाताऱ्याकडे वळले.

सातिबाल्दीनं आधी आभाळाकडे पाहिलं, बराच वेळ, सवयीनं. मग मोबाइल नाकाजवळ नेला.

"जोमार्त, तुला काय दिसतंय?"

"आधी तुम्ही सांगा, अक्साकल."

म्हाताऱ्यानं मोबाइल कोटाच्या खिशात ठेवला.

"गाठ पडली," तो म्हणाला. "उद्या राहा. सोमवारी पहाटे निघा."

"सोमवारी," जोमार्त म्हणाला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यानं त्यात एक मिळवला नाही.